दुसरा दांडा

पहिले आठ दिवस मी तिला फक्त पुसलं.
सीटवरचं प्लास्टिक काढलं नाही.
उन्हात ते मांड्यांना चिकटे
आणि उतरताना असा आवाज येई
की सुलक्षा म्हणाली, गाडी आणलीस की मिठाईचा खोका?

शोरूममधला पोरगा सांगून गेला होता:
हजार किलोमीटर होईतो काटा दोन हजारांवर नेऊ नका.
मी गणिताचा मास्तर. पाळलं.
रिवण ते केपे, केपे ते रिवण,
शाळा, सोसायटी, मासळी, परत शाळा.
ओहोळ ओलांडू शकणारी गाडी
पंचायतीच्या गतिरोधकावरून उतरे
लाजल्यासारखी.

वहीत नोंदी ठेवतो, सवयच आहे.
मायलेज दहा पूर्णांक आठ.
हप्ते चौऱ्याऐंशी, पैकी गेला एक.
मागची सीट कडक; गुणाआते म्हणते, बैलगाडी बरी.
तिला चढायला पाट लागतो.
आता तो जेवणघरातून उठून
डिकीत जॅकशेजारी राहायला आलाय.
बॉनेट इतकं उंच की वळणावर
कोंबड्या दिसत नाहीत,
गृहीत धराव्या लागतात.
तिसऱ्या दिवशी डावा आरसा घासला
फेर्नांदिसांच्या चिऱ्याच्या गडग्याला.
गडग्याला काही झालं नाही.

मोठ्या गिअरशेजारी एक छोटा दांडा आहे.
पोर विचारी, बाबा, हा कधी?
मी म्हणे, गरज पडली की.

कुष्टा वेळीप रविवारी आला.
त्याचा टिपर खाणी थांबल्यापासून
माडाखाली उभा, टायर विकून झालेले,
केबिनात कोंबडी अंडी घालते.
त्याने गाडीभोवती एक फेरी मारली,
मग वाकून खालून पाहिलं,
बैल घेताना दात बघावेत तसं.
"चढता काय ही, मास्तर?"
"खंय?"
"वयर."

वर म्हणजे खाणीचा जुना रस्ता.
साखळी होती, कुलूप नव्हतं.
दोन्हीकडे अकेशियाचं रान,
मधे पाण्याने खोदलेली तांबडी घळ,
कुठूनतरी काजूच्या भट्टीचा आंबूस वास.
पहिल्याच चढावर मागची चाकं नुसती फिरली.
रबर जळलं. मी खिडकी वर केली,
कशासाठी, ते माहीत नाही.
कुष्टा म्हणाला, "तो दांडा काय देव्हाऱ्यात ठेवायला?"

थांबलो. न्यूट्रल. ओढला. अडला.
पुन्हा ओढला.
खाली कुठेतरी खट् झालं,
जड, आतल्या आत,
म्हाताऱ्याने एकदाचा होकार द्यावा तसं.

आणि ती निघाली.
ताशी चार. चालणारा माणूस पुढे गेला असता.
प्रत्येक दगड आधी पुढच्या चाकाला कळे,
मग माझ्या मणक्याला,
मग डिकीतल्या पाटाला.
कुष्टा बोटाने सांगत होता:
उजवीकडे, थोडं, आता सोड.
पण त्याचा डावा पाय
दर वळणाला पायपुसण्यावर दाबला जात होता
जिथे क्लच नव्हता.
अकरा वर्षं, दिवसाला सात खेपा.
मी गुणाकार करायला घेतला आणि सोडून दिला.

वर सपाटी. खड्ड्यात साचलेलं पाणी,
खोटं वाटावं इतकं हिरवं.
इंजिन बंद केलं तरी पंखा फिरत राहिला.
मला वाटलं, आता तो बोलेल.
तो सीटवरचं प्लास्टिक नखाने उचकटत होता.
एक लांब पट्टी निघाली, मग दुसरी,
दोन्ही घडी करून मांडीवर ठेवल्या.
"घाम येता," म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने,
"उतरताना ब्रेक दाबू नको.
तिचं तिला उतरू दे."

रात्री वहीत लिहिलं:
अंतर सहा किलोमीटर.
पुढे काय लिहायचं ते सुचलं नाही.
सकाळी बादली-फडकं घेऊन गेलो,
दारापर्यंत तांबडी झालेली ती,
नंबराची पाटीही वाचता येईना.
डिकी उघडली,
आतेचा पाट तेवढा पुसला,
आणि बादली माडाला ओतली.